हेल्मेट वाटलं म्हणजे मालकाची जबाबदारी संपली का?

‘उद्या टाकी सफाई. पाणी भरून ठेवावे.’ लिफ्टशेजारच्या फळ्यावर ही नोटीस लागली की रात्री घराघरांत बादल्या, पिंपं, पातेली भरली जातात. सकाळी दोन-तीन माणसं येतात, जमिनीखालच्या टाकीचं झाकण सरकवतात आणि बनियन-चड्डीवर आत उतरतात. हातात खराटा, ब्लिचिंग पावडरची पिशवी, सोबत एक छोटा पंप. दुपारी नळाला पाणी आलं की आपल्यापुरता विषय संपतो. मी आमच्या सोसायटीच्या कमिटीवर चार वर्षं होतो. त्या चार वर्षांत ही माणसं आत कशी उतरतात, हे मी एकदाही जाऊन पाहिलं नव्हतं.

९ मार्च २०२५ रोजी मुंबईत नागपाड्यात, बांधकाम चालू असलेल्या एका इमारतीत, जमिनीखालची पाण्याची टाकी साफ करायला उतरलेले चार कामगार गुदमरून गेले. ते गटार नव्हतं, मैलाटाकीही नव्हती. टाकी पाण्याची होती. बातमी वाचून पहिला प्रश्न पडला: साध्या पाण्याच्या टाकीत माणूस मरतो कसा? आणि दुसरा: त्यांच्या अंगावर, हातात, टाकीच्या तोंडाशी काय असायला हवं होतं, आणि ते आणणं कोणाचं काम होतं?

त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यातली एक थेट कामाच्या जागेवरच्या सुरक्षेची आहे. तेव्हापासून साकीनाक्याला गाळा असलेला नातेवाईक असो की घराचं काम काढलेला शेजारी, सगळे एकच विचारतात, ‘नेमकं काय द्यायचं आणि द्यायचं कोणी?’ म्हणून हा लेख.

सुरक्षा साधनं कशाला म्हणायचं?

कामगाराने अंगावर घालायची, त्याचं शरीर आणि धोका यांच्यामध्ये उभी राहणारी वस्तू म्हणजे व्यक्तिगत सुरक्षा साधन. कारखान्यात, साइटवर याला ‘पीपीई’ म्हणतात. हेल्मेट, सेफ्टी शूज, गमबूट, हातमोजे, वेल्डरची काच, कानातले बोळे, मास्क, उंचीवर काम करताना बांधायचा हार्नेस हे सगळं त्यात येतं. नुसता युनिफॉर्म यात येत नाही. केशरी जाकीट येतं, कारण ते घातलेला माणूस गाड्यांच्या नजरेस पडतो, पण डोक्यावर वीट पडली तर ते जाकीट काही करू शकत नाही. प्रत्येक साधन एका ठरावीक धोक्यासाठी असतं. पुढचा बराच गोंधळ हे विसरल्यामुळेच होतो.

पण ही शेवटची भिंत आहे

लोकल रोजची असल्याने तिचंच उदाहरण घेऊ. रूळ ओलांडताना माणसं मरतात. त्यावर काय करता येईल? स्टेशनच्या दोन्ही टोकांना पूल बांधा, सरकते जिने लावा, म्हणजे रूळ ओलांडायची गरजच उरणार नाही. दोन रुळांच्या मध्ये कुंपण घाला, म्हणजे ओलांडता येणार नाही. किंवा नुसतं भोंग्यावरून सांगत राहा, ‘कृपया रूळ ओलांडू नका.’ पूल कोणाच्या आठवणीवर चालत नाही. पाच-चाळीसच्या फास्टसाठी धावणाऱ्या माणसालाही तो वाचवतो. घोषणा मात्र ऐकली तरच उपयोगाची.

कामाच्या जागी हाच क्रम असतो. आधी धोकाच काढून टाकता येतो का ते पाहायचं. नाही जमलं, तर कमी धोक्याची वस्तू किंवा पद्धत आणायची. मग यंत्राला जाळी, परांचीला कठडा, धूळ ओढणारा पंखा. मग कामाचे तास, पाळ्या, प्रशिक्षण, परवानगीची पद्धत. एवढं करूनही जो धोका उरेल, त्याच्यासाठी अंगावरचं साधन. जगभरचे सुरक्षातज्ज्ञ हाच क्रम मानतात, आणि त्यामागचं कारण साधं आहे. कठडा चुकला तर कंबरेची दोरी असते. दोरी चुकली तर खाली फक्त जमीन असते.

मालकाची पहिली चूक इथेच होते. त्याला वाटतं, सुरक्षा म्हणजे खरेदी. दहा हेल्मेटं आणली, बिल फाइलला लावलं, झालं. प्रत्यक्षात त्याची जबाबदारी हेल्मेटच्या कितीतरी आधी सुरू होते.

चहाची गाळणी आणि टाकीतली हवा

आता नागपाड्याच्या प्रश्नाकडे येऊ. आपण श्वास घेतो त्या हवेत सुमारे २०.९ टक्के प्राणवायू असतो. तो १९.५ टक्क्यांच्या खाली गेला की ती हवा काम करायला असुरक्षित मानतात. दहाच्या खाली गेला तर शुद्ध हरपते. माणसाला आधी फारशी धाप लागत नाही, काही चुकतंय हेही कळत नाही. पाय लटपटतात आणि तो पडतो.

बंद टाकीत प्राणवायू जातो कुठे? लोखंड गंजताना हवेतला प्राणवायू शोषतं. नव्या इमारतीच्या टाकीत शटरिंगच्या फळ्या राहिल्या असतील, तर ओलं लाकूड कुजताना तेच करतं. साचलेल्या पाण्यातला गाळही तेच करतो. त्यात कोणी आत पेट्रोलचा पंप चालवला तर त्याच्या धुरातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, ज्याला वासच नसतो. ब्लिचिंग पावडर आणि अ‍ॅसिड एकत्र आलं तर क्लोरीन सुटतो. अशा जागेला बंदिस्त जागा म्हणतात: आत शिरायची वाट अरुंद, हवा खेळती नाही, आणि माणसाने रोज वावरावं म्हणून ती बांधलेली नाही.

अशा टाकीत उतरणाऱ्याला कोणी भल्या मनाने एन-९५ मास्क दिला, तर काय होईल? मास्क म्हणजे गाळणी. चहाची गाळणी पावडर अडवते, पण चहाचा रंग खाली कपात उतरतोच. तसा एन-९५ धुळीचे बारीक कण अडवतो, वायू अडवत नाही. आणि जिथे प्राणवायूच कमी आहे तिथे कोणतीही गाळणी तो वाढवू शकत नाही. तिथे लागते बाहेरून नळीने किंवा पाठीवरच्या सिलिंडरमधून येणारी ताजी हवा. त्याआधी लागतो वायू मोजणारा मीटर, बराच वेळ हवा फेकणारा ब्लोअर, आणि वर तिपाईला (टाकीच्या तोंडावर उभ्या केलेल्या तीन पायांच्या आधाराला) अडकवलेली दोरी, म्हणजे आतला माणूस पडला तर त्याला कोणी आत न जाता ओढून काढता येईल.

शेवटची गोष्ट पुन्हा सांगतो, कारण अशा दुर्घटनांमध्ये माणसं एकामागून एक जातात. पहिला पडतो. दुसरा त्याला काढायला उतरतो आणि तोही पडतो. मग तिसरा. प्रत्येक जण आपल्या सोबत्याला वाचवायलाच गेलेला असतो. मित्राच्या जिवासाठी आत उडी घेणारा माणूस बेपर्वा नसतो. वर दोरी ठेवली नव्हती, बेपर्वाई त्यात आहे.

चुकीचं साधन काहीच नसण्यापेक्षा वाईट ठरतं ते यामुळे. मास्क लावलेल्या माणसाला वाटतं आपण सुरक्षित आहोत, आणि तो खाली उतरतो.

कायदा काय म्हणतो?

भारतात कारखान्यांसाठी १९४८ चा कायदा होता. भोपाळची वायुदुर्घटना १९८४ च्या डिसेंबरात झाली, त्यानंतर १९८७ मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि कामगाराचं आरोग्य व सुरक्षा सांभाळणं हे कारखाना ज्याच्या ताब्यात आहे त्याचं सर्वसाधारण कर्तव्य म्हणून स्पष्ट लिहिलं गेलं. आता त्या कायद्याची आणि बांधकाम, खाणी, गोद्यांसाठीच्या वेगवेगळ्या कायद्यांची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहिता, २०२० हिने घेतली आहे. साधारणपणे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना ती लागू आहे.

मालकासाठी तिचा गाभा चार वाक्यांत सांगता येतो. कामाची जागा इजा किंवा आजार होईल अशा धोक्यांपासून मुक्त ठेवायची. वाजवी रीतीने शक्य असेल तितकं वातावरण सुरक्षित राखायचं. ठरवून दिलेल्या कामगारांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी मोफत करायची. आणि सुरक्षा व आरोग्यासाठी जे काही दिलं किंवा केलं, त्यासाठी कामगाराकडून एक पैसाही घ्यायचा नाही.

हे शेवटचं वाक्य प्रत्येक कामगाराने पाठ करावं असं आहे. ‘बुटांचे पैसे पगारातून कापले’, ‘हेल्मेट हरवलं म्हणून दंड’ या गोष्टी साइटवर इतक्या नेहमीच्या झाल्या आहेत की त्या चुकीच्या आहेत असं कोणाला वाटतच नाही. १९४८ च्या कायद्यातही अशा सोयींसाठी कामगाराकडून पैसे घ्यायला मनाई होतीच. साधन मालकाच्या कामासाठी आहे, त्याचा खर्चही मालकाचा.

कर्तव्यात कसूर झाल्याने कामगाराचा मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख रुपये दंड किंवा दोन्ही, आणि गंभीर इजा झाली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन ते चार लाख दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. त्या दंडातला किमान निम्मा हिस्सा पीडिताला किंवा त्याच्या वारसांना द्यावा, असा आदेश न्यायालय देऊ शकतं. याच संहितेने नेमणूकपत्र देणंही बंधनकारक केलं आहे. वरवर त्याचा सुरक्षेशी संबंध दिसत नाही. पण अपघातानंतर ‘हा आमचा माणूसच नाही’ असं ऐकलेल्या कुटुंबाला विचारा, त्या एका कागदाची किंमत काय असते.

दिलं, पण बसतं का?

दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा आपण घालत नाही. मग दुसऱ्याच्या मापाचे बूट, मोजे, मास्क कामगाराने का घालावेत? सैल हातमोजा ड्रिल मशीनमध्ये ओढला जातो आणि सोबत बोटंही जातात. म्हणूनच फिरत्या यंत्रांवर काही ठिकाणी मोजे घालूच देत नाहीत. चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क दाढीवर बसत नाही, फटीतून धूळ आत जाते. बाजारातली बरीच साधनं पुरुषांच्या मापाची असतात, आणि साइटवर घमेली वाहणाऱ्या बाईला आठ नंबरचे गमबूट देऊन ‘घाल आता’ म्हटलं जातं. ती ते काढून ठेवते तेव्हा दोष तिचा नसतो.

साधन अस्सल आहे का हे पाहणंही मालकाचंच काम. हेल्मेटसाठी आयएस २९२५, सेफ्टी शूजसाठी आयएस १५२९८, हार्नेससाठी आयएस ३५२१ अशी भारतीय मानकं आहेत. वस्तूवर आयएसआय चिन्ह आणि त्याखाली परवाना क्रमांक असतो. ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अ‍ॅपवर तो क्रमांक टाकला की परवाना खरा आहे का ते कळतं. फार तर दोन मिनिटांचं काम आहे. रस्त्याकडेला मिळणारी पिवळी प्लास्टिकची टोपी दिसायला हेल्मेटसारखीच असते. फरक आत असतो. खऱ्या हेल्मेटच्या आतले पट्टे कवच डोक्यापासून अंतरावर धरतात, आणि त्या मोकळ्या जागेमुळे मार पसरतो. एकदा जोराचा मार बसला की वरून धड दिसलं तरी ते हेल्मेट बाद. उन्हात वर्षभर पडलेलं प्लास्टिक ठिसूळ होतं, म्हणून उत्पादनाची तारीख बघायची. त्यावर रंगाने नाव लिहिणंही टाळावं, काही रंगांतली रसायनं प्लास्टिक कमजोर करतात.

हार्नेसबद्दल आणखी एक. पंचवीस मजली इमारतीला रंग देणारे रंगारी झुल्यावर लटकलेले आपण पाहतो. अंगावर हार्नेस असतो, पण त्याची दोरी कुठे बांधली आहे? झुल्याच्याच दोराला बांधली असेल, तर झुला तुटल्यावर दोन्ही एकदमच जातील. ती वेगळ्या, मजबूत आधाराला हवी. आणि माणूस हार्नेसवर लटकला तर त्याला काही मिनिटांत खाली घ्यायची तयारी हवी, कारण पट्ट्यांनी आवळलेल्या पायांतून रक्त परत फिरत नाही आणि नुसतं लटकणंही जिवावर बेतू शकतं.

‘पण कामगारच घालत नाहीत हो!’

हा आक्षेप मी सगळ्यात जास्त ऐकला आहे, आणि तो खोटा नाही. कायदाही कामगाराला सांगतो की आपली आणि इतरांची काळजी घे, दिलेल्या सूचना पाळ, साधनांशी मुद्दाम छेडछाड करू नकोस.

पण का घालत नाहीत, हे विचारलं आहे का? मे महिन्यात पत्र्याखाली वेल्डिंग करणाऱ्याचा गॉगल घामाच्या वाफेने धुरकटतो, त्याला वेल्डिंगचा सांधा दिसत नाही, आणि पैसे नगावर मिळतात. गॉगल काढला तर दिवसाची कमाई वाढते. अशा वेळी त्याला ओरडून उपयोग नाही. धुरकट न होणारी काच, पंखा, सावलीतली सुट्टी आणि नगाच्या दराचा विचार, हे मालकाच्या हातात आहे. वापर कसा करायचा हे त्याच्या भाषेत दाखवणंही मालकाच्याच हातात आहे. इंग्रजीत छापलेला कागद सही करून घेतला म्हणजे प्रशिक्षण झालं नाही. सुपरवायझर स्वतः हेल्मेटशिवाय फिरत असेल, तर बिगाऱ्याला सांगायला त्याला तोंड उरत नाही.

भरपाईच्या बाबतीत तर हा बचाव फार तोकडा आहे. कामगाराने मुद्दाम सुरक्षासाधन काढलं आणि इजा झाली, तर मालक भरपाई नाकारू शकतो, असं १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यातही होतं आणि त्या चार संहितांपैकी सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. पण त्याच वाक्यात पुढे अपवाद आहे. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल, तर हा बचाव चालत नाही. म्हणजे जिथे घराचा कर्ता माणूस गेला, तिथे ‘त्याने पट्टा लावला नव्हता’ म्हणून मालकाची सुटका होत नाही. मला ही तरतूद फार न्यायाची वाटते.

‘माणसं कंत्राटदाराची आहेत’

सोसायट्यांचं हे ठरलेलं उत्तर. मीही ते दिलं आहे. कामगाराचा थेट मालक कंत्राटदार आहे आणि साधनं देणं आधी त्याचंच काम, हे खरं. दहापेक्षा कमी माणसांच्या कामाला वरची संहिता सहसा लागत नाही, हेही खरं. पण निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा माणसं मोजत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली त्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. झाकण आपण उघडून दिलं, धोका आपल्याला माहीत होता, सगळ्यात स्वस्त कोटेशन आपण निवडलं, तर चौकशी आपल्या दाराशीही येऊ शकते.

गटार आणि मैलाटाकीसाठी तर कायदा फार कडक आहे. हाताने मैलासफाईवर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यानुसार सुरक्षासाधनं न देता आणि खबरदारी न घेता माणसाकडून हाताने गटार किंवा मैलाटाकी साफ करून घेणं, हीच ‘धोकादायक सफाई’ची व्याख्या आहे, आणि त्यासाठी माणूस लावणं हा गुन्हा आहे, मग तो थेट लावा की मध्यस्थामार्फत. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातल्या मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली, आणि जानेवारी २०२५ मध्ये मुंबईसह सहा महानगरांत हाताने गटारसफाई बंद करण्याचा आदेश दिला. मैलाटाकी तुंबली तर यंत्राची गाडीच बोलवायची, दुसरा पर्याय शोधायचाच नाही.

‘परवडत नाही’ आणि ‘आजवर काही झालं नाही’

आयएसआय हेल्मेट काही शे रुपयांत येतं. वायूमापक आणि ब्लोअर महाग आहेत, पण ते भाड्याने आणता येतात. खर्च करावा लागतो हे मान्य, पण तो कामाच्या किमतीचा भाग आहे, सिमेंट-वाळूसारखाच.

‘काही झालं नाही’ हे मात्र बरेचदा न दिसल्यामुळे वाटतं. घरोघरी ग्रॅनाइट आणि फरशी कापणाऱ्या कटरवाल्याच्या छातीत सिलिकाची धूळ वर्षानुवर्षं साठते. त्यातून होणारा सिलिकोसिस बरा करणारं औषध नाही. फ्लॅटचं काम आपलं महिनाभरात संपतं, तो पंधरा वर्षांनी गावाला खोकत बसलेला असतो. कटरवर पाण्याची धार सोडली तर धूळ तिथेच बसते. घराचं काम काढलेल्या प्रत्येकाने एवढं तरी सांगावं, पाणी आपल्याच नळाचं असतं.

कामगाराने काय करायचं?

धोका काय आहे, कोणतं रसायन आहे, हे विचारायचा त्याला हक्क आहे. जिवाला लगेच धोका वाटला तर मालकाला, सुरक्षा समिती असेल तर तिला आणि सरकारी निरीक्षकालाही एकाच वेळी कळवायचा हक्क आहे, आणि मालकाला त्यावर ताबडतोब पाऊल उचलावं लागतं. महाराष्ट्रात कारखान्यांसाठी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आहे, त्याचं मुख्य कार्यालय मुंबईतच आहे. शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेत सुरक्षेचं प्रशिक्षणही मिळतं. एकट्याने तक्रार करायला भीती वाटते, नोकरी जाईल असं वाटतं, ते स्वाभाविक आहे. म्हणून संघटनेमार्फत किंवा चार जणांनी मिळून, लेखी आणि तारीख घालून कळवलेलं बरं.

या वर्षी आमच्या सोसायटीच्या वर्क ऑर्डरमध्ये आम्ही आग्रहाने काही ओळी घातल्या. टाकीची दोन्ही झाकणं आदल्या संध्याकाळपासून जाळी लावून उघडी, सकाळी आधी ब्लोअर, मग मीटर, मगच माणूस. पंप बाहेर. अ‍ॅसिड नाही. आत उतरणाऱ्याच्या अंगावर हार्नेस, दोरी तिपाईला. एक माणूस फक्त झाकणापाशी उभा राहील, काहीही झालं तरी तो आत उतरणार नाही, दोरी ओढेल आणि १०१ ला फोन करेल. कोटेशन वाढलं, एका सभासदाने सभेत हरकत घेतली, तरी ठराव झाला. मी सकाळी आठपासून खाली उभा होतो. मीटर पहिल्यांदा वाजला, म्हणून ब्लोअर आणखी तासभर चालवला. त्या दिवशी नळाला पाणी दुपारी नाही, संध्याकाळी सहाला आलं.